कोहॉर्ट मांडण्याआधी पत्त्यांची वही

पीएसएमच्या विद्यार्थ्यांची सिनॉप्सिस द्यायची वेळ आली की दोन-चार जण तरी शीर्षकात ‘प्रॉस्पेक्टिव्ह कोहॉर्ट स्टडी’ असं लिहून टाकतात. शब्द भारदस्त आहे, गाईडलाही बरा वाटतो. पुढे दीड वर्षाने निम्मी माणसं सापडत नाहीत, आणि जी सापडली त्यांच्यावरून काय म्हणायचं हे कुणालाच कळत नाही. हा लेख अशा विद्यार्थ्यांसाठी आहे. पब्लिक हेल्थ, नर्सिंग किंवा एखाद्या संस्थेच्या आरोग्य प्रकल्पातून पहिल्यांदाच असा अभ्यास उभा करणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा.

ज्यांना तो आजार अजून झालेला नाही अशी माणसं निवडायची, त्यातलं कोण बिडी ओढतं, कोण नाही, हे आजच लिहून ठेवायचं आणि मग काही वर्षं त्यांच्या मागावर राहून कुणाचं काय झालं ते बघायचं, एवढाच कोहॉर्टचा गाभा. कारण आधी नोंदवलेलं असतं आणि परिणाम नंतर घडतो, म्हणून त्याच्या निष्कर्षाला वजन असतं. पण ‘मागावर राहायचं’ या दोन शब्दांत तुमचा नव्वद टक्के वेळ, पैसा आणि धीर जाणार आहे. बाकीचं पुस्तकात मिळतं.

आधी तुमचा प्रश्न कोहॉर्टचा आहे का, ते बघा. तालुक्यात किती जणांना मधुमेह आहे एवढंच हवं असेल तर सर्व्हे करा. आजार दुर्मीळ असेल तर झालेल्या आणि न झालेल्यांची तुलना करणारा केस-कंट्रोल अभ्यास करा. कोहॉर्ट तेव्हा घ्यावा, जेव्हा परिणाम बऱ्यापैकी घडणारा असतो आणि तुमच्या हातातल्या काळात घडतो. आकड्यांत बघू. समजा, ज्यांना धोका नाही त्यांच्यापैकी २० टक्क्यांत परिणाम दिसतो आणि धोका असलेल्यांत तो दुप्पट, म्हणजे ४० टक्के असेल असा तुमचा अंदाज आहे. नेहमीच्या ८० टक्के पॉवरने हा फरक पकडायला प्रत्येक गटात ८०च्या आसपास माणसं पुरतात. पण तोच दुपटीचा फरक २ आणि ४ टक्क्यांमधला असेल तर प्रत्येक गटात ११४० लागतात. पाचातलं एक माणूस गळणार हे धरलं तर पहिल्या अभ्यासात १०० आणि दुसऱ्यात १४२५ माणसं एका गटात घ्यावी लागतील. पहिला एकट्या विद्यार्थ्याला जमतो, दुसरा नाही. दुसऱ्या कुणाच्या थिसिसमधून सॅम्पल साइझ उचलायची जी पद्धत पडली आहे, तिने हा हिशोब झाकला जातो आणि वर्षभराने उघडा पडतो.

मग माणसं कोणती घ्यायची? पुस्तकं सांगतात, समाजाचं प्रतिनिधित्व करणारी. मी म्हणेन, पाच वर्षांनी पुन्हा सापडतील अशी. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ साली धूम्रपानाचा अभ्यास मांडताना ब्रिटनमधल्या डॉक्टरांना पत्रं पाठवली. डॉक्टर काही ब्रिटिश समाजाचा नमुना नव्हते. पण त्यांची नावं नोंदणीपुस्तकात होती, कुणी वारलं तर ते कळण्याची सोय होती आणि प्रश्नावली इतकी आटोपशीर होती की कामाच्या घाईतही भरता यावी. चाळीस हजारांच्या वर डॉक्टरांनी उत्तरं पाठवली. त्यातल्या ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा माग पुढे पन्नास वर्षं काढला गेला आणि २००४ साली आलेल्या अहवालाने सांगितलं की सिगारेट ओढत राहिलेले सरासरी दहा वर्षं आधी गेले. पन्नाशीत सोडली त्यांची त्यातली सहा वर्षं वाचली, तिशीत सोडली त्यांची जवळपास सगळी. प्रातिनिधिक नसलेल्या गटातून इतकं नेमकं उत्तर आलं, कारण तुलना त्या गटाच्या आतच होती.

आपल्याकडे असं नोंदणीपुस्तक कुठून आणायचं? डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या गटाने मुंबईत मतदारयाद्या वापरल्या. १९९१पासून पस्तिशीच्या पुढची माणसं घरोघर जाऊन नोंदवली आणि पाच-सहा वर्षांनी त्याच दारांवर पुन्हा गेले. सुरुवातीच्या अहवालात ५२,५६८ माणसं होती आणि त्यातल्या ९७ टक्क्यांहून अधिक जणांचा ठावठिकाणा लागला. चाळी, झोपड्या, भाड्याच्या खोल्या असलेल्या शहरात हा आकडा सोपा नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी आधीच सोडून दिली होती. उच्च आणि उच्च मध्यमवर्गीय सोसायट्यांत सिक्युरिटी आत सोडत नाही, म्हणून तसे भाग त्यांनी घेतलेच नाहीत. त्यामुळे निष्कर्ष ‘मुंबईकरांचा’ म्हणता येत नाही, पण तंबाखू खाणारा आणि न खाणारा हे एकाच वस्तीतले राहतात आणि तुलना खरी राहते. तुम्हालाही असंच काहीतरी सोडावं लागेल. ते का सोडलं हे एका वाक्यात लिहून मोकळे व्हा. परीक्षक त्यावर नाराज होत नाहीत. लपवलेलं सापडलं की होतात.

आता शून्य दिवस, म्हणजे प्रत्येकाचं घड्याळ नेमकं कधी सुरू झालं. हा मुद्दा वर्गात दोन मिनिटांत उरकतात आणि सगळ्यात जास्त थिसिस इथेच बिघडतात. एक ओळखीचा विषय घ्या: ‘चार किंवा अधिक एएनसी (गरोदरपणातल्या तपासणीच्या) भेटी झालेल्या मातांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी होतात का?’ उत्तर नेहमी ‘हो’ येतं, आणि त्याला काही अर्थ नसतो. जी बाई तिसाव्या आठवड्यात बाळंत झाली तिला पुढच्या भेटी मिळाल्याच नाहीत. पूर्ण दिवस भरले म्हणून भेटी जास्त झाल्या, आणि आपण उलटं म्हणतो. यावर उपाय आहे. विसाव्या आठवड्यापर्यंत किती भेटी झाल्या एवढंच मोजा, त्या दिवशी जिचा गर्भ टिकून आहे तिलाच घ्या आणि घड्याळ तिथून सुरू करा. असाच घोळ ‘सहा महिने डायटचे वर्ग पूर्ण केलेले’ विरुद्ध ‘न केलेले’ या तुलनेत होतो. सहा महिने पूर्ण करायला आधी सहा महिने जगावं आणि धडधाकट राहावं लागतं.

शून्य दिवस किती मागे नेता येतो याचा उत्तम नमुना पुण्याजवळच आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि केईएम हॉस्पिटलच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली सहा गावांत गर्भवतींना न नोंदवता लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या बायकांना नोंदवलं. कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख लिहायच्या. त्यामुळे गर्भ राहण्याआधीचं वजन-उंची खरोखर आधीच मोजलेली होती, नंतर आठवून सांगितलेली नव्हती. जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती बारीक, पण त्या मानाने चरबी टिकवून असलेली निघाली. पुढे गरोदरपणातल्या रक्तावरून दिसलं की दोन-तृतीयांश आयांना बी-१२ कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी पण फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक होती. असे प्रश्न पुढे कधीतरी सुचतील म्हणून थोडं रक्त गोठवून ठेवावं, पण ते ठेवण्याची आणि पुन्हा संपर्क करण्याची परवानगी पहिल्याच संमतीपत्रात घ्यावी. नंतर मागायला गेलं तर अर्ध्या घरी कुणी भेटत नाही.

धोका कसा विचारता, यावर बरंच अवलंबून आहे. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर कितीतरी बायका ‘नाही हो’ म्हणतात. त्याच बायका सकाळ-संध्याकाळ मशेरी लावत असतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं आहे. म्हणून नावं घेऊन विचारा: मशेरी, तंबाखू-चुना, मावा, गुटखा, पानातली तंबाखू, बिडी, सिगारेट. प्रत्येकाला वेगळा रकाना हवा. बिडीबद्दल ‘दिवसाला किती’ हे विचारण्यापेक्षा ‘बंडल किती दिवस पुरतं’ हे विचारलं की उत्तर पटकन आणि खरं येतं. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, त्यामुळे तो प्रश्न पहिला विचारू नका. माणूस तिथेच आखडतो. एक्स्पोजर बदलतंही. गेल्या वर्षी ओढणारा यंदा सोडून देतो. त्यामुळे प्रत्येक भेटीत तेच प्रश्न पुन्हा, त्याच शब्दांत विचारायचे.

परिणाम मोजताना माझा पहिला इशारा बाळाच्या वजनाबद्दल आहे. माता-बाल कार्डावरची वजनं एका कागदावर ओळीने मांडून बघा. २.५ आणि ३.० यांवर ढीग दिसेल, मधले आकडे विरळ. काटा तसा नसतो, लिहिणारा हात गोल आकड्याकडे झुकतो. आणि कमी वजनाचं बाळ म्हणजे २.५ किलोच्या खालचं, म्हणजे तुमची सीमारेषा नेमकी त्या ढिगावर येते. २४२० ग्रॅमचं बाळ २.५ लिहिलं गेलं की ते ‘नॉर्मल’ झालं. जमत असेल तर स्वतःचा डिजिटल काटा न्या आणि ग्रॅममध्ये लिहा. नसेल जमत तर कमी वजन हो-नाही असं न करता पूर्ण वजनाची सरासरी तुलना करा. निदान ठरवणाऱ्या माणसाला समोरची व्यक्ती कोणत्या गटातली आहे हे कळता कामा नये. मृत्यूचं कारण ठरवताना हे विशेष जपा. ‘बिडी ओढायचा’ हे वाचलेल्या डॉक्टरला दम्याचा प्रत्येक मृत्यू बिडीचा वाटू लागतो.

आणि आता पत्ते. कोहॉर्टमधून माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी गळत नाहीत. गळण्यालाही कारण असतं, आणि ते कारण तुमच्या निष्कर्षात शिरतं. पहिलटकरीण सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की माहेरी जाते आणि तिथेच बाळंत होते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बहुधा सासरी राहते. तुम्ही सासरच्या गावात नोंदणी केली असेल तर गळतात त्या मुख्यतः पहिलटकरणी. पहिली बाळं सरासरीने हलकी असतात, म्हणजे तुमची हलकी बाळंच हरवली. मुंबईतल्या कोहॉर्टमध्ये हाच प्रकार म्हाताऱ्या माणसांचा. दुखणं वाढलं की मुलगा कोकणात किंवा घाटावर गावी नेऊन ठेवतो. मृत्यूची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत होते आणि मुंबईच्या तुमच्या यादीत तो माणूस ‘स्थलांतरित’ म्हणून जिवंत राहतो. बीड जिल्ह्यात पावसाळ्यात ऊसतोड कामगारांची नोंदणी केलीत तर दसरा-दिवाळीनंतर वस्ती ओस पडलेली असेल. तिथे पुढची भेट उन्हाळ्यातच ठेवायची, नाहीतर कारखान्याच्या पट्टीवर, कोप्यांमध्ये जायची तयारी ठेवायची.

म्हणून पहिल्या भेटीत आजाराचे प्रश्न सुरू करण्याआधी एक पान फक्त माणूस पुन्हा सापडण्यासाठी भरा. बाईने स्वतःचा म्हणून दिलेला फोन बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो, आणि रिचार्ज संपला की नंबर बदलतो, म्हणून वेगवेगळ्या घरांतले दोन नंबर घ्या. माहेरचं गाव, तालुका, वडिलांचं किंवा भावाचं नाव आणि माहेरच्या आशाताईंचा नंबर लिहा. लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही नावं विचारा. आधारवर एक असतं, रेशनकार्डावर दुसरं, आणि सासरी हाक तिसऱ्याच नावाने मारतात. घराचा नंबर निरुपयोगी ठरतो. ‘पिठाच्या गिरणीमागे, विठ्ठल मंदिराच्या बोळात’ हे टिकतं. शहरात चाळ रीडेव्हलपमेंटला गेली का, संक्रमण शिबिर कुठे, हे वर्षातून एकदा सोसायटीच्या सेक्रेटरीकडे विचारून ठेवा. वर्षभर गप्प राहून एकदम दारात उभं राहू नका. दोन-तीन महिन्यांतून एक फोन करा, तोही कामाच्या प्रश्नाशिवाय. फोन नेहमी त्याच कार्यकर्तीने करावा. बायका संस्थेला ओळखत नाहीत, त्या ‘त्या वजन घेणाऱ्या ताई’ना ओळखतात. बजेटमध्ये तपासण्यांचा खर्च सगळे धरतात, पण ताईंचा एसटीचा आणि फोनचा खर्च धरायला विसरतात. मी सिनॉप्सिस वाचताना तोच रकाना आधी बघतो.

गळालेल्यांना विसरू नका. पहिल्या दिवशीची माहिती त्यांचीही तुमच्याकडे आहे. राहिलेल्यांचं आणि गेलेल्यांचं वय, शिक्षण, बाळंतपणाची खेप आणि बिडी शेजारी शेजारी मांडून दाखवा. तो तक्ता नसेल तर बाकीच्या तक्त्यांवर विश्वास ठेवणं अवघड आहे.

माणसं टिकली, मोजमाप नीट झालं, तरी एक प्रश्न उरतोच: दोन गटांत फरक फक्त तंबाखूचाच होता का? मुंबईच्या त्या अभ्यासात तंबाखू न घेणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्यूचा धोका १.३९ पट आणि बिडी ओढणाऱ्यांचा १.७८ पट निघाला. ‘बिडी देशी, म्हणून साधी’ या समजुतीला त्याने धक्का दिला. पण बिडी गरीब माणूस ओढतो, आणि गरिबीनेही माणूस लवकर जातो. त्यामुळे अशा अभ्यासात वयाबरोबर शिक्षणही हिशोबात धरावं लागतं. दोष बिडीचाच आहे, याच्या बाजूने पडणारा मोठा पुरावा असा की रोज ओढण्याची संख्या वाढत गेली तसा धोकाही वाढताना दिसला. गरिबी काही बंडलागणिक वाढत नाही.

हा प्रश्न चाणाक्ष लोकांनाही चकवतो. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या नर्सेसच्या अभ्यासात एक लाख वीस हजारांहून अधिक नर्सेस होत्या. पाळी गेल्यावर हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्या नर्सेसना हृदयविकार कमी होतो असं त्यात दिसलं आणि डॉक्टरांनी त्या गोळ्या भरभरून लिहिल्या. मग चिठ्ठ्या टाकून केलेली मोठी चाचणी २००२ साली मध्येच थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांना फायद्यापेक्षा तोटा अधिक होता, हृदयविकारासकट. गोळ्या घेणाऱ्या बायका मुळातच तब्येतीकडे लक्ष देणाऱ्या होत्या, हे एक कारण सांगतात. दुसरं कारण पुन्हा शून्य दिवसाशी जातं. पुढे नर्सेसची तीच माहिती, गोळी सुरू केल्याच्या दिवसापासून घड्याळ लावून, नव्याने तपासली तेव्हा दोन निष्कर्षांमधलं अंतर बरंच कमी झालं. त्यामुळे कोणत्या गोष्टींनी घोळ होईल याची यादी माहिती गोळा करायच्या आधी करा. नंतर आठवलेला घटक संगणकात घालायला तो आधी विचारलेला असावा लागतो.

विश्लेषणाबद्दल थोडंच. सगळे सारखा काळ तुमच्याबरोबर नसतात, म्हणून माणसं न मोजता माणूस-वर्षं मोजा. एक जण पाच वर्षं राहिला, दुसरा दोन वर्षांनी गावी गेला, तिसरा तीन वर्षांनी वारला: दहा माणूस-वर्षांत एक मृत्यू. पट किती हे सांगाच, पण दर हजारी प्रत्यक्ष किती मृत्यू जास्त हेही शेजारी लिहा. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याला दुसरा आकडा लागतो. बारीक माणसं जास्त मेली असं दिसलं तर पहिल्या दोन वर्षांतले मृत्यू वगळून पुन्हा बघा. आजाराने बारीक झालेली माणसं बारीकपणाने मेली असं वाटू शकतं.

तपासणीत कुणाचा बीपी १८० लागला तर त्याला सांगायचं आणि उपचाराला पाठवायचंच, त्याने तुमचा अभ्यास ‘बिघडला’ तरी. कुणाला पाठवायचं, कोण पोहोचवेल, हे एथिक्स कमिटीपुढे जाण्याआधी ठरलेलं असावं. तपासणीचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरांत त्याच्या हातात द्या. पुढच्या भेटीला तो दार उघडतो, याचं निम्मं श्रेय त्या कागदाला असतं.

आणि हातात जेमतेम दीड वर्ष असेल तर जुन्या नोंदींवरचा कोहॉर्ट करा. पाच वर्षांपूर्वीचं एएनसी रजिस्टर, कारखान्याचं मस्टर, टीबी युनिटची कार्डं: धोका तेव्हाच लिहिलेला आहे, परिणाम आज शोधायचा आहे. कमीपणा काही नाही, फक्त नोंदी दुसऱ्या कुणी दुसऱ्याच कामासाठी केलेल्या असतात. विषय पक्का करण्याआधी रजिस्टरची पन्नास पानं स्वतः चाळा आणि ज्या रकान्यावर तुमचा सगळा अभ्यास उभा आहे, तो किती ठिकाणी कोरा आहे ते मोजा. बराच कोरा असेल तर विषय बदला. गाईडला ते रुचणार नाही, पण सिनॉप्सिस मंजूर होण्याआधी सांगितलेलं त्यांनाही परवडतं.